शिक्षा, शिस्त आणि सुधार : बालन्यायाच्या परिभाषेतील एक पेच

संस्कृत ‘शिक्ष्’ या एकाच धातूपासून मराठीत आलेल्या दोन शब्दांच्या वाटा भिन्न झाल्या. ‘शिक्षण’ शाळेकडे गेले, ‘शिक्षा’ न्यायालयाकडे. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे आजही विद्यादानच. मराठी माणसाला मात्र तो शब्द ऐकताच छडी आठवते. कायद्याच्या कक्षेत आलेल्या मुलांसाठी राज्य ज्या संस्था चालविते, त्यांत ही दोन्ही कार्ये एकाच छपराखाली येतात. तेथील नियंत्रणाचा प्रश्न म्हणूनच काही अंशी शब्दांचाही आहे.

1876 च्या व त्याची जागा घेणाऱ्या 1897 च्या सुधारशाळाविषयक कायद्याने मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे काढले. भिंती मात्र पुष्कळदा त्याच राहिल्या. मुंबईत उमरखाडीच्या ज्या वास्तूत 1882 मध्ये टिळक व आगरकर यांनी 101 दिवस कारावास भोगला, ती पुढे मुलांचे ‘रिमांड होम’ झाली आणि आता ‘निरीक्षणगृह’ म्हणविते. वृत्तपत्रे अद्याप ‘बालसुधारगृह’ लिहितात. ‘सुधार’ म्हटले की बिघाड गृहीत धरला जातो, आणि तो मुलातच आहे असेही.

या गृहीताची जाणीव कायद्याला उशिरा झाली. 2007 च्या नमुना नियमांनी अटक, आरोपी, आरोपपत्र, खटला, कोठडी, तुरुंग अशा अर्थाचे शब्द मुलांसंबंधीच्या कार्यवाहीत निषिद्ध ठरविले. 2015 च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमातही हे तत्त्व आहे. मराठीत ‘बालगुन्हेगारा’च्या जागी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आला. शब्द बोजड खरा, पण त्याची घडण पाहण्याजोगी आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या पंक्तीत बसलेला हा मुलगा कर्ता उरत नाही. त्याच्यावर काही ओढवले आहे, एवढेच भाषा सांगते. हे औदार्य फार दूर टिकत नाही. याच 2015 च्या अधिनियमानुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर अपराधासाठी, प्राथमिक मूल्यनिर्धारणानंतर, प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. निषिद्ध शब्द मागील दाराने परत येतो.

‘शिस्त’ हा शब्द फार्सी. मूळ अर्थ नेम, निशाण. ज्यावर नेम धरायचा तो स्थिर असावा लागतो. रांग, हजेरी, घंटा यांनी संस्थेत साधली जाते ती बहुधा ही स्थिरता. संस्थेतील कर्मचाऱ्याने मुलाला शिस्त लावण्याच्या उद्देशाने शारीरिक शिक्षा दिल्यास 2015 च्या अधिनियमाचे 82 वे कलम तो अपराध मानते. पहिल्या दोषसिद्धीला दंड 10,000 रुपये. पूर्वी जो हेतू मारणाऱ्याची सबब होता, तोच येथे अपराधाच्या व्याख्येत बसला आहे.

मग अधीक्षकाच्या हाती काय उरते? नियमांनी त्याच्यापुढे प्रत्येक मुलाची वैयक्तिक देखभाल योजना ठेवली आहे, आणि ती मुलाशी विचारविनिमय करून आखावयाची आहे. ज्या मुलाशी आजवर केवळ आज्ञार्थात बोलले गेले, त्याला येथे प्रथमच प्रश्नार्थक वाक्य ऐकू येते. त्याचे उत्तर कागदावर त्याच्याच बोलीत उतरते की कार्यालयीन मराठीत, हे नोंद घेणाऱ्यावर अवलंबून असते.