रामघाटाची वही आणि सेवा केंद्राचा संगणक

उज्जैन नगरीत क्षिप्रा नदीच्या तीरावर, हरसिद्धी मंदिरापासून जवळच, रामघाट आहे. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ पर्वात देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले भाविक या घाटावर स्नान करतात. 22 एप्रिल ते 21 मे 2016 या काळात येथील मागील सिंहस्थ पार पडले. महाराष्ट्रातील यात्रेकरूला हे क्षेत्र परके वाटत नाही, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. राणोजी शिंदे यांनी उज्जैन येथे आपले ठाणे केले, आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे 1810 मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. मराठी कुटुंबांची या क्षेत्री ये-जा मात्र चालूच राहिली.

या ये-जा करणाऱ्यांची नोंद तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आहे. कोणत्या प्रांताचे, कोणत्या कुळाचे यजमान कोणत्या उपाध्यायांकडे, हे परंपरेने ठरलेले असते. यात्रेकरू घाटावर आला की त्याला मूळ गाव, आडनाव आणि जात विचारतात. तेवढ्या माहितीवर नेमकी वही निघते, पाने उलटली जातात आणि आजोबा-पणजोबा केव्हा आले होते, बरोबर कोण होते, हे वाचून दाखवले जाते. मग त्याच पानावर नव्या पिढीची नावे चढतात. लिहिता येत असेल तर यात्रेकरू स्वाक्षरी करतो, नसेल तर अंगठा उठवतो.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. वही ही खाजगी मालमत्ता असते. ती जातीच्या विचारणेवाचून उघडत नाही, आणि नोंद चुकली तर दाद मागण्यास जागा नाही. तथापि तिच्यातील एक गुण आजच्या शासकीय सेवांचा विचार करताना ध्यानी घेण्याजोगा आहे. ज्याला एक अक्षरही वाचता येत नाही, अशा माणसालाही येथे आपली नोंद सापडते. नोंद शोधण्याचे ज्ञान त्याच्याजवळ असावे, अशी अटच नाही. त्याने आपल्या बोलीत आपल्या गावाचे नाव सांगावे. पुढचे काम वही बाळगणाऱ्याचे. 1977 पासून अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ संस्थेने हरिद्वार व अन्य क्षेत्रांतील अशा वह्यांचे सूक्ष्मचित्रण केले. त्यामुळे नोंदी सुरक्षित झाल्या हे खरे. पण खेड्यातून आलेल्या यात्रेकरूला ती फीत दिली तर तो तिचे काय करणार?

आज त्याच रामघाटावर पूजासाहित्याच्या दुकानांत पैसे भरण्यासाठी क्यूआर कोडच्या चौकटी टांगलेल्या दिसतात. महाकालेश्वराच्या भस्म आरतीसाठी ऑनलाइन नोंदणी करता येते. शासनाचे दप्तरही असेच यंत्रावर गेले आहे. मध्य प्रदेशाने 2010 मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला; देशातील अशा स्वरूपाचा तो पहिला कायदा होय. महाराष्ट्राने 2015 मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला. दाखला हा मेहेरबानीचा विषय न राहता हक्काचा विषय झाला, आणि तो मागण्याचा मार्ग बहुतांशी संगणकावरून जाऊ लागला. येथूनच एक नवी अडचण सुरू होते. हक्क सर्वांना दिला, पण त्याच्या दाराशी पोहोचण्याचे साधन सर्वांजवळ सारखे नाही.

मालव्याच्याच भूमीवर या प्रश्नाची पहिली मोठी कसोटी लागली. उज्जैन जिल्ह्याला लागून असलेल्या धार जिल्ह्यात 1 जानेवारी 2000 रोजी 'ज्ञानदूत' हा प्रकल्प सुरू झाला. पवारांच्या संस्थानामुळे मराठी वाचकास धारचे नाव परिचित आहेच. आठवडी बाजाराची गावे, रहदारीचे रस्ते अशा जागा हेरून सुमारे वीस सूचनालये उघडण्यात आली. तेथे शासकीय नोकर न बसवता गावातीलच शिकलेला तरुण, म्हणजे 'सूचक', स्वयंरोजगार म्हणून बसवला. शेतकऱ्याने यावे, अल्प शुल्क द्यावे आणि निरनिराळ्या मंड्यांतील भाव पाहून माल कोठे न्यायचा ते ठरवावे. जमिनीच्या उताऱ्यासाठी, जातीच्या दाखल्यासाठी अर्ज करावा. हातपंप बंद पडल्याची किंवा शिक्षक येत नसल्याची तक्रार नोंदवावी, अशी ही योजना होती. पूर्वी एका कागदासाठी तालुक्याला दोन-तीन खेपा पडत आणि प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडे. ती झळ ज्याने सोसली आहे, त्यालाच या सोयीचे मोल कळेल. त्याच वर्षी ज्ञानदूतला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला.

पुढे त्यातील उणिवाही दिसू लागल्या. वीज नसे, दूरध्वनीची तार नीट चालत नसे, आणि सूचकाचा चरितार्थ चालेल एवढे गिऱ्हाईक प्रत्येक ठिकाणी मिळत नसे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अत्यंत गरीब आणि निरक्षर माणसे सूचनालयाकडे त्या मानाने थोडीच वळली. आपल्याकडे 1998 मध्ये कोल्हापूर-सांगली भागातील सुमारे सत्तर गावांत वारणेचा संगणकीकृत ग्राम प्रकल्प झाला. तेथे साखर कारखाना आणि सहकारी संस्था यांचे पाठबळ होते. ते जेथे नाही, अशा आदिवासी पाड्याचा विचार निराळाच करावा लागतो.

आता मोबाईल घरोघरी पोहोचला आहे, तेव्हा दरी बुजली असे म्हणण्याचा मोह होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (2019-21) आकडे मात्र सबुरीचा सल्ला देतात. त्यानुसार देशातील 57.1 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, तर स्त्रियांत हे प्रमाण 33.3 टक्केच होते. स्वतः वापरता येईल असा मोबाईल 54 टक्के स्त्रियांकडे होता. घरात फोन आहे, पण तो मुलाच्या खिशात आणि मुलगा कामावर. अशा घरातील वृद्ध मातेला आलेला ओटीपी तिच्या उपयोगाचा नसतो. शिवाय फोन हाती असला तरी पडद्यावरची भाषा कळली पाहिजे, आणि भाषा कळली तरी आपली नोंद चुकली तर ती कोणाकडून दुरुस्त करून घ्यायची हे ठाऊक पाहिजे. बहुतेक माणसे अडतात ती या शेवटच्या पायरीवर.

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. त्या क्रमांकामुळे बनावट नावे वगळणे सुकर झाले, पैसे थेट खात्यात जाऊ लागले. पण दगड-माती उपसून, ऊस तोडून ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, त्यांचा अंगठा यंत्र कधी कधी ओळखत नाही. रामघाटाच्या वहीवर उठवलेला अंगठा यात्रेकरू आल्याची खूण म्हणून पुरे. यंत्रापुढचा अंगठा मात्र जुळावा लागतो, आणि न जुळल्यास शिधापत्रिकेवरचे धान्य अडण्याचा धोका उभा राहतो. केवळ पडताळणी फसली म्हणून पात्र व्यक्तीला लाभ नाकारला जाऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात अधोरेखित केले. पुढे 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातील पीडित व दृष्टिहीन व्यक्तींचे होते. डोळ्यांची उघडझाप केल्यावाचून बँकेचे यंत्र त्यांना जिवंत माणूस मानीत नव्हते.

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाईलवरून करावी, अशी ई-पीक पाहणीची पद्धत राज्यभर सुरू झाली. पिकाची नोंद शेतकऱ्याच्याच हाती आली, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु ज्याच्याजवळ योग्य फोन नाही किंवा ज्याच्या शिवारात संपर्कलहरी पोहोचत नाहीत, त्याची नोंद राहून जाई. म्हणून गावपातळीवर सहायकांचे साहाय्य घेणे भाग पडले. यंत्र आणि शेतकरी यांच्यामध्ये कोणीतरी माणूस लागतोच, हे अनुभवाने पटले. तो माणूस नेमलेला, ओळखीचा आणि जबाबदार असला तर दलालाला वाव उरत नाही.

येत्या काळात या गोष्टीची परीक्षा तीर्थक्षेत्रीही होणार आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे 2026-27 मध्ये आणि उज्जैन येथे 2028 मध्ये सिंहस्थ आहे. प्रयागराज येथे 2025 च्या महाकुंभात चुकलेल्या माणसांसाठी संगणकीकृत केंद्रे उभारली होती. छायाचित्र घेऊन ते पडद्यांवर दाखवण्याची सोय तेथे होती. रामकुंडावर वा रामघाटावर चुकलेली आजी आपल्या लेकाचा फोन क्रमांक सांगू शकेलच असे नाही, पण गावाचे नाव ती नक्की सांगेल. ते ऐकून, उच्चार ओळखून यंत्रात भरणारा, मराठी जाणणारा कर्मचारी उज्जैनच्या केंद्रात असणे हे पडद्याच्या आकाराहून अधिक निकडीचे आहे. यात्रेला निघणाऱ्या वृद्धांच्या पिशवीत नाव, गाव, तालुका आणि घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी शाळेतील विद्यार्थ्यांकडून ठेववून घेणे शिक्षकांना सहज शक्य आहे.

गावी राहणाऱ्यांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सेवा केंद्रात वा कार्यालयात अर्ज दिल्यावर त्याची पोच व अर्ज क्रमांक अवश्य मागून घ्यावा. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, शुल्क किती आणि अपील कोणाकडे करावयाचे, हे कार्यालयाच्या सूचना फलकावर लावणे बंधनकारक आहे. फलक वाचता येत नसेल तर तो वाचून दाखवण्यास सांगण्यात संकोच नको. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज नाकारला गेला, तर 30 दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. तेथे समाधान न झाल्यास द्वितीय अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्ज नाकारला असेल तर कारण लेखी मिळते. 'संगणक घेत नाही' हे तोंडी उत्तर त्या लेखी कारणाची जागा घेऊ शकत नाही.