दाद मागायची कुठल्या कोर्टात?

लेखांक ९

सरोगसी कोणाला करता येते, हे मागच्या लेखात पाहिलं. आज त्याच्या पुढचा प्रश्न. करारातली माणसं दोन राज्यांत राहत असतील, तर दाद कुठं मागायची? आपल्या भागात हा प्रश्न दूरचा नाही. हिंगोलीकराला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं; लेकीही तिकडं दिलेल्या आहेत.

समजा, सिद्धेश्वरची एक बाई हैदराबादला दिलेल्या नणंदेसाठी पोटात मूल वाढवायला तयार झाली. दवाखाना तिकडचाच. मुद्रांक कागदावर करार इंग्रजीत छापलेला, आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ: वाद झाल्यास फक्त हैदराबादच्या न्यायालयांना अधिकार राहील. ही ओळ कुणी वाचून दाखवत नाही. बोट ठेवतात आणि म्हणतात, इथं सही करा.

ती ओळ बांधील असते का? काही अंशी हो. हकम सिंग विरुद्ध गॅमन या १९७१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोन कोर्टांना मुळात अधिकार असेल, तर त्यांतलं एक निवडायला करारानं हरकत नाही. त्या करारात मुंबई लिहिली होती, म्हणून वाराणसीत लावलेला दावा तिथं टिकला नाही. मात्र ज्या कोर्टाला कायद्यानं अधिकारच नाही, त्याला तो दोघांच्या सह्यांनी मिळत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २० पाहतं ते इतकंच, की प्रतिवादी कुठं राहतो किंवा कामधंदा करतो आणि वादाचं कारण, पूर्ण किंवा थोडंसं, कुठं घडलं.

पण हे झालं खर्चाचं, भरपाईचं. लेकराचं काय? त्याचा ताबा सिमेंटच्या पोत्यांसारखा करारानं ठरत नाही. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याचं कलम ९ विचारतं, मूल नेहमी राहतं कुठं? नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर किती अवघड होतं, ते बेबी मांजी प्रकरणात दिसलं. आई-वडील जपानी, करार गुजरातेतल्या आणंदचा. बाळ जन्मायच्या आधीच ते दोघं विभक्त झाले. २५ जुलै २००८ ला मुलगी झाली, दुसऱ्याच दिवशी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले आणि तिला जयपूरला हलवलं. तिथल्या एका संस्थेनं राजस्थान उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे बाळाला कोर्टापुढं हजर करावं अशी, याचिका केली, तर आजी सर्वोच्च न्यायालयात गेली. काही आठवड्यांची पोर, आणि तिच्याभोवती दोन राज्यं, दोन देश. तेव्हा सरोगसीचा कायदाच नव्हता.

आता आहे. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यात पालकत्व आणि ताब्याचा आदेश आधीच घ्यावा लागतो, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा त्यावरच्या कोर्टाकडून. बाळ झाल्यावर तोच आदेश जन्माचं प्रतिज्ञापत्र ठरतो. दंडाधिकारी कुठल्या गावचा, हे मात्र त्या तरतुदीत नाही. अर्ज जोडपं आणि सरोगेट माता यांनी मिळून करायचा असतो. म्हणून माझं ठाम मत आहे की तो मातेच्या तालुक्यात, म्हणजे आपल्या उदाहरणात औंढा नागनाथला, करावा. पोट तिचं आहे; प्रवास दुसऱ्यांनी करावा. वकिलाच्या फीची काळजी नको, कारण १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कुठल्याही महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

हैदराबादला दावा लागलाच, तर संहितेच्या कलम २५ नं तो दुसऱ्या राज्यात वर्ग करून मागता येतो. तो अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात जातो, त्यामुळे हा शेवटचा उपाय समजावा.

सही करण्याआधी मराठी प्रत मागा. मातेला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यावी, असं सरोगसी कायद्याचं कलम ६ सांगतं, आणि गर्भ रोपण होण्याआधी ती संमती मागेही घेता येते.

एक वाट तर घराजवळूनच जाते. मातेसाठी ३६ महिन्यांचा विमा काढणं जोडप्यावर बंधनकारक आहे. प्रसूतीनंतर त्रास झाला आणि कंपनीनं दावा नाकारला, तर कंपनीचं कार्यालय कुठंही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सिद्धेश्वरच्या बाईनं त्यासाठी हिंगोलीच्या ग्राहक आयोगात जावं.