नांगर तासाबाहेर जातो तेव्हा

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर आहे, पण औषध देणारा नाही, तत्त्वज्ञानातला. तेव्हा आजचं ऐकून घरी कोणाच्या गोळ्या बदलू नका.

माझे थोरले भाऊ अकोल्याला असतात. वय 82. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या रात्री पुतण्याचा मला अमरावतीला फोन आला, "काका, बाबा मले ओळखूनच नाही राह्यले. वार्डात बैल घुसले म्हणतात." सकाळी पोचलो तर दादांचे हात पट्टीनं पलंगाला बांधलेले. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी, कपाटात. का, तर हरवेल म्हणून. आणि बाहेर बाकड्यावर चर्चा चाललेली, की म्हातारा वेडा झाला, आता शेतीच्या कागदांवर सही कशी घ्यायची?

दादांना वेड लागलं नव्हतं. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, वात होणे. डॉक्टर डिलिरियम म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे नांगर तासाबाहेर जाणं. वऱ्हाडातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. बैल तेच, नांगर तोच, जमीन तीच. तास तेवढं सुटलं.

मग नेमकं काय सुटतं? अवधान. आपले नैयायिक म्हणतात, डोळा आणि वस्तू समोरासमोर आले म्हणून ज्ञान होत नाही, मध्ये मन जोडलेलं लागतं. वातात नेमकं हेच बिघडतं. ते ओळखायची रीत डॉ. शॅरन इनूये यांनी 1990 मध्ये बसवून दिली. बदल अचानक झाला का आणि दिवसभरात कमीजास्त होतो का? लक्ष टिकतं का? या दोन्हींसोबत बोलणं विस्कळीत किंवा शुद्ध कमीजास्त असेल, तर डिलिरियम समजायचा. वार उलटे म्हणायला सांगा, रवि, शनि, शुक्र… माणूस मध्येच हरवतो. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी येतो, हा तासा-दिवसांत. आणि एक लक्षात घ्या, सगळेच आरडाओरडा करत नाहीत. काही जण नुसते पडून राहतात. आपण म्हणतो, बरं झालं, आजोबा शांत झोपले. तोही वातच असू शकतो, आणि तो जास्त वेळा नजरेतून सुटतो.

आता संशोधनाकडे येतो. याच इनूये बाईंनी 1999 मध्ये अमेरिकेत येल इथे सत्तरी उलटलेल्या 852 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपाय काय होते? चष्मा, कानाचं यंत्र, पाणी, चालवणं, रात्री झोपू देणं, आज कोणता वार ते सांगत राहणं. डिलिरियमचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 वर आलं. हे ऑपरेशनचे रुग्ण नव्हते. पण त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते : एकदा वात सुरू झाल्यावर या उपायांनी त्याच्या तीव्रतेत फारसा फरक पडला नाही. म्हणजे जे करायचं ते आधीच.

खुबा मोडलेल्यांवर बोस्टनमध्ये 2001 साली काम झालं. 126 रुग्ण. वृद्धांच्या तज्ज्ञानं रोज पाहिलं तिथे 32 टक्के, नेहमीच्या पद्धतीत 50. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांनंतर तैवानमध्ये तीनच गोष्टी केल्या, बोलत राहणं, तोंडाची निगा आणि खाणं, लवकर चालवणं, 15.1 वरून 6.6 टक्के. आणि चीनमध्ये चेंगडू इथल्या 2020 च्या अभ्यासात हे काम नातेवाइकांकडे सोपवलं. 19.4 विरुद्ध 2.6! एकाच रुग्णालयातला अभ्यास आहे, आकडा थोडा जपून घ्यावा. पण नातेवाईक तर आपल्याकडे न बोलावताच वॉर्डात हजर असतात. इर्विनच्या आवारात जाऊन बघा, डबे घेऊन अख्खी गावं बसलेली असतात. फक्त त्यांना काम कोणी सांगत नाही.

लोक विचारतात, भूल कमरेत दिली असती तर? 2021 मध्ये अमेरिका-कॅनडात खुब्याच्या 1600 रुग्णांवर तपासलं. दोन्हीकडे साधारण 20 टक्केच. तेव्हा भुलेच्या डॉक्टरांशी भांडू नका. त्यांना हे सांगा : झोपेच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत, सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या घेतात का, आणि दारू. दारू लपवतात लोक, हो. रोजची दारू ऑपरेशनमुळे एकदम बंद झाली तर तिचा वेगळा, धोक्याचा वात होतो. वात झालाच तर डॉक्टरांना लगेच बोलवा, कारण मागे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, सोसत नसलेलं दुखणं, काहीही असू शकतं.

दादांना यंत्र लावलं, खिडकीकडे तोंड केलं, हात सोडायला लावले. वहिनी नि सूनबाई आळीपाळीनं बसल्या. डॉक्टरांनी तपासलं तर लघवी तुंबलेली होती. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःहून पऱ्हाटीचं विचारलं. सगळ्यांचं असं होत नाही. काहींना आठवडे लागतात, काही पूर्वीसारखे होतच नाहीत.

एक गोष्ट राहिली. दादांना ते सगळं आठवत होतं. त्या रात्री सूनबाईला दिलेल्या शिव्यासुद्धा. घरी आल्यावर दोन दिवस तिच्यासमोर मान वर करेनात. मी त्यांना कर्तृत्व, जबाबदारी वगैरे समजावत बसलो, तासभर. ती ताट घेऊन आली नि म्हणाली, "बैल गेले ना बाबा आता? मंग जेवा." जेवले.

थोडं पाणी घेतो. तुमचे प्रश्न असतील तर विचारा.