नकाशात नसलेला घाट

सुझुका, नुर्बुर्गरिंग ठीक आहेत हो. पण ‘ग्रॅन टुरिस्मो’मध्ये माझा जीव अडकलाय तो ट्रायल माउंटनवर. खऱ्या जगात हा ट्रॅक नाहीच! १९९७च्या पहिल्या गेमपासूनचा हा डोंगरातला रस्ता. बोगद्यातून सुसाट बाहेर पडायचं, बाजूला कातळ, आणि शेवटच्या शिकेनला कर्बवरून गाडी उडवली की वेळ हमखास वाचायचा. २०१७च्या ‘स्पोर्ट’मध्ये तो गायब! आमच्या ग्रुपमध्ये अक्षरशः सुतक. २०२२च्या ‘सेव्हन’मध्ये परतला, पण मागची सरळ पट्टी लांबलेली, शिकेनही बदललेलं. ऑफिसातून दमून आल्यावर बोटं अजून जुन्याच जागी ब्रेक शोधतात. डीप फॉरेस्ट मस्त, रात्रीचा रूट फाइव्ह तर झकासच. तरीही घरचे कितीही ओरडोत, जुना प्लेस्टेशन टू भंगारात जाणार नाही!