नाटकमंडळ्या कां फुटतात?

संगीत नाटकांच्या भरभराटीचा इतिहास आपल्याकडे मोठ्या कौतुकानें सांगितला जातो. त्या भरभराटीच्या पोटांतूनच ज्या फुटी निघाल्या, त्यांचा विषय मात्र निघाला, कीं “दुही महाराष्ट्राच्या पांचवीलाच पुजलेली” एवढ्या एका वाक्यांत तो गुंडाळून ठेवण्यांत येतो. हें वाक्य सोपें आहे, आणि सोपें आहे म्हणूनच त्याचा संशय घेतला पाहिजे. ज्या माणसांनीं वर्षानुवर्षें एका बिऱ्हाडांत राहून, एका पंक्तीस जेवून, एकाच रंगभूमीवर घाम गाळला, तीं केवळ स्वभावदोषामुळें विलग झालीं असें म्हणणें म्हणजे रोगाला नांव देऊन निदान केल्याचें समाधान मानणें होय. प्रस्तुत लेखांत किर्लोस्कर व गंधर्व या दोन मंडळ्यांच्या उदाहरणानें खरें निदान काय असावें, याचा थोडा विचार करूं.

३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. त्यापूर्वींच्या पौराणिक खेळांत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. अण्णासाहेबांनीं तीं पदें पात्रांच्या मुखीं घातलीं. १८८२ मध्यें ‘सौभद्र’ आलें, आणि भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यानें तें घरोघर पोंचलें. पुढें तीनच वर्षांनीं, १८८५ च्या नोव्हेंबरांत, अण्णासाहेब बेचाळिसाव्या वर्षीं निवर्तले. नाटककार, संगीतकार, गुरु आणि मालक एकाच दिवशीं नाहींसा झाला, तरी मंडळी मोडली नाहीं. गोविंद बल्लाळ देवलांसारखे तालीम देणारे जाणते पुरुष पाठीशीं होते. १८९९ सालीं त्यांचें ‘शारदा’ याच मंडळीनें केलें. १९०१ मध्यें भाऊराव गेले, तरीहि मंडळी टिकली. १९०५ सालीं नारायण श्रीपाद राजहंस हा तरुण शकुंतलेच्या वेषांत उभा राहिला, आणि मंडळीस नवें यौवन आलें. हेच पुढें बालगंधर्व म्हणून सर्वश्रुत झाले.

तेव्हां मृत्यूनें जी मंडळी मोडली नाहीं, ती यशानें कां मोडली, हा खरा प्रश्न आहे.

१२ मार्च १९११ रोजीं मुंबईस खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग झाला. गोविंदराव टेंबे यांनीं चाली दिल्या होत्या. धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, लक्ष्मीधर गणपतराव बोडस आणि भामिनी बालगंधर्व. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान कन्या वारली. खेळ बंद ठेवावा असें कोणी म्हटलें असतें, तर त्यांत गैर कांहींच नव्हतें. परंतु त्यांनीं खेळ बंद पडूं दिला नाहीं, आणि तोंडाला रंग लावून ते उभे राहिले. मंडळीवरील निष्ठेची याहून कठोर परीक्षा कोणती असूं शकेल? आणि हाच गृहस्थ अवघ्या दोन वर्षांनीं मंडळी सोडून जातो! याला स्वार्थ किंवा कृतघ्नता म्हणण्यास माझी तरी जीभ रेटत नाहीं. मध्यंतरीं घडलें तें असें, कीं १९११ सालींच जोगळेकर निवर्तले. मंडळींतील निरनिराळ्या माणसांस एकमेकांशीं बांधून ठेवणारा दुवा त्यांच्याबरोबर निखळला, आणि मतभेद वाढत गेले.

५ जुलै १९१३ रोजीं पुण्यास गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. बालगंधर्व, बोडस आणि टेंबे असे तिघे तिचे भागीदार होते. आमच्या शास्त्रांत अंधपंगुन्याय म्हणून एक दृष्टांत आहे. आंधळ्यानें लंगड्यास खांद्यावर घ्यावें, लंगड्यानें वाट दाखवावी, आणि दोघांनीं मिळून गांव गांठावा. या तिघांची जोडणीहि तशीच होती. एकाचा कंठ, दुसऱ्याचें संगीतरचनेचें ज्ञान, तिसऱ्याचा अभिनय व शिस्त. १९१६ मध्यें ‘संशयकल्लोळ’ आलें आणि बोडसांचा फाल्गुनराव गाजला. त्याच वर्षअखेर भास्करबुवा बखल्यांच्या चालींनीं नटलेलें ‘स्वयंवर’ आलें. १९१९ च्या आरंभीं गडकऱ्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलें.

परंतु या वैभवाच्या काळांतच मंडळी आंतून सुटत होती. प्रथम टेंबे गेले व त्यांनीं स्वतःची शिवराज मंडळी काढली. पुढें बोडसहि दूर झाले. १९२१ मध्यें मंडळी कर्जांत असतांना तिची सारी मालकी एकट्या बालगंधर्वांवर आली. तें कर्ज त्यांनीं पुढें फेडलें, हें त्यांच्या सचोटीचें प्रमाणपत्रच होय. मात्र प्रयोगाच्या थाटाला त्यांनीं कधीं हात आंखडला नाहीं. भारी वस्त्रें, अत्तरें, साथीला थिरकवांचा तबला व कादरबक्षांची सारंगी असें राजवैभव चालूच राहिलें. १९३१ नंतर बोलपट आला, प्रेक्षक तिकडे वळले, आणि १९३५ सालीं स्वतः बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटांत एकनाथ झाले. त्यापूर्वींच, १९३२ मध्यें, ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटांत हरिश्चंद्र म्हणून दिसले ते गोविंदराव टेंबेच! एका मंडळीचे दोन भागीदार निरनिराळ्या वाटांनीं त्याच पडद्यावर पोंचले, पण एकमेकांचा हात सोडून.

तिकडे मूळ किर्लोस्कर मंडळीचें काय झालें? १९१४ मध्यें तिला दीनानाथ मंगेशकरांचा तेजस्वी आवाज लाभला. चार वर्षांनीं दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनीं बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी काढली. पांच वर्षांत एकाच घराच्या दोन वांटण्या!

यावरून हे लोक एकमेकांचे वैरी होते असें मात्र कोणी समजूं नये. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ झालें. ललितकलादर्शाचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे हे दोन धनी कार्य मोठें आहे असें दिसतांच एका रात्रीपुरते एकत्र आले. एका रात्रीपुरतें एकत्र येणें दिलदार मनुष्यास कठीण नसतें. कठीण असतो तो रोजचा संसार.

हा केवळ मराठी स्वभावाचा दोष नव्हे, हें पाहण्यासाठीं समुद्रापलीकडील एक उदाहरण घेऊं. इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें १९८८ सालीं चार तरुणांनीं ‘राइड’ नांवाची वाद्यमंडळी काढली. गिटारीच्या स्वरांचा दाट पडदा उभारावयाचा आणि गायकाचा आवाज त्यांत अर्धा बुडवून ठेवावयाचा, अशी या संप्रदायाची रीत. ध्वनि पालटणारीं पेडलें पायाशीं असत व वादकांची दृष्टि त्यांवर खिळलेली असे. म्हणून तिकडील वृत्तपत्रांनीं यांस ‘शूगेझ’, म्हणजे आपल्याच बुटांकडे पाहत राहणारे, असें थट्टेचें नांव दिलें. पहिल्या दोन संग्रहांत गीतांचें कर्तृत्व चौघांच्या सामाईक नांवावर असे. १९९४ च्या तिसऱ्या संग्रहांत तें निरनिराळ्या नांवांवर पडलें. पूर्वार्धांत बहुतांशीं मार्क गार्डनर याचीं गाणीं, उत्तरार्धांत बहुतांशीं अँडी बेल याचीं. एकाच घरांत मधोमध भिंत उभी राहिली. १९९६ सालीं मंडळी मोडली. पुढें २०१४ मध्यें तेच चौघे पुन्हां एकत्र आले. म्हणजे येथेंहि वैर हें मूळ कारण नव्हतें.

मग मूळ कारण कोणतें? मी राहतों त्या भिवंडींत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो, आणि त्याच व्यवसायांतला दृष्टांत मला येथें समर्पक वाटतो. कापडांत ताणा असतो व बाणा असतो. धोट्याबरोबर इकडून तिकडे धांवणारा बाणा डोळ्यांत भरतो. ताणा मागावर निमूटपणें ताणलेला असतो. नाटकमंडळींत गाणारा कंठ हा बाणा होय. श्रम सर्वांचे असतात, पण टाळी एका नांवावर पडते. टाळी वाटतां येत नाहीं. तेव्हां ज्याच्या वांट्यास ती येत नाहीं, त्याचा मान दुसऱ्या मार्गानें राखावा लागतो. तो राखला गेला नाहीं, म्हणजे ताण्याचे धागे एकेक करून तुटूं लागतात.

आणि जो जातो तो आपली कला तेवढी घेऊन जातो, असें नाहीं. भागीदार हा “आतां पुरे” असें बरोबरीच्या नात्यानें सांगूं शकणारा मनुष्य असतो. नोकर तें सांगूं शकत नाहीं, भक्त सांगणार नाहीं आणि प्रेक्षक तर “आणखी” एवढेंच म्हणतो. तिघांचा एक झाला, तेव्हां बालगंधर्वांच्या मंडळीनें दोन सहकारी गमावले तसा दोघांचा नकारहि गमावला. आणि माझ्या मतें ही दुसरी हानि अधिक मोठी होती.

याच्या उलट ललितकलादर्श पाहा. १९०८ सालीं काढलेली ही मंडळी केशवरावांच्या १९२१ मधील अकालीं मृत्यूनंतरहि बापूराव पेंढारकरांनीं चालविली. त्यांच्या पश्चात् १९४२ मध्यें त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनीं तिला पुन्हां उभें केलें. येथें मंडळीचें नांव कोणा एका कंठाचें नव्हतें, हें विसरूं नये.

नाटकमंडळ्यांचा तो काळ गेला. परंतु गृहस्थाचें घर, भावांचें दुकान, गांवचें वाचनालय, उत्सवाचें मंडळ यांना हाच नियम लागू आहे. भांडीं, शेत, शिल्लक यांची वांटणी पंच करून देतात. मिळवत्या भावाला हात आवरावयास सांगणारी वडील वहिनी किंवा मागें राहून हिशेब लिहिणारा धाकटा दीर कोणाच्याच वांट्यास जात नाहीं. तीं माणसें घराबाहेर पडलीं, कीं त्यांचें काम नाहींसें होतें. म्हणून ज्या घरांत किंवा संस्थेंत एखाद्याचें नांव विशेष उजळलें असेल, तेथील वडीलधाऱ्यांनीं दोन गोष्टी वेळींच कराव्या. पडद्यामागील माणसाच्या श्रमाचा चारचौघांत उच्चार करावा, आणि ज्याला “पुरे” म्हणण्याचा अधिकार आहे, तो रुसून जाण्यापूर्वींच त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें.