पुसलेली फाइल खरोखर पुसली जाते काय?

शाळेच्या कामकाजात पेन ड्राइव्हचा वापर आता रूढ झाला आहे. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले पालकांचे बँक खाते क्रमांक, दिव्यांग मुलांची वैद्यकीय प्रमाणपत्रे असा नाजूक मजकूर त्यात भरून शिक्षक तालुक्याच्या गावी छपाईसाठी नेतात. काम उरकले की फाइल ‘डिलीट’ केली जाते आणि तोच पेन ड्राइव्ह पुढे सहकाऱ्याच्या, दुकानदाराच्या, क्वचित विद्यार्थ्याच्याही हाती जातो. फाइल दिसत नाही त्याअर्थी ती नष्ट झाली, अशी यामागील समजूत असते. ही समजूत चुकीची आहे.

जनरल रजिस्टरातील नावावर रेघ ओढली म्हणून मूल वर्गातून उठून जात नाही. पेन ड्राइव्हमध्येही फाइलींची अशीच एक नोंदवही असते. डिलीट करताच त्या वहीतील नोंद रद्द होते व फाइलीने व्यापलेली जागा रिकामी म्हणून दाखविली जाते. मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जागच्या जागी राहतो. चुकून पुसलेली छायाचित्रे परत मिळवून देणारी साधने चालतात ती याच कारणाने, आणि ती कोणासही विनामूल्य मिळतात. ‘क्विक फॉरमॅट’ने देखील बहुतांशी नोंदवहीच तेवढी कोरी होते.

मग पाटीवर अक्षर गिरवावे तसे त्या फाइलीवरच दुसरे काही लिहावे, असे कोणी सुचवील. जुन्या चुंबकीय हार्ड डिस्कसाठी हा उपाय योग्यच होता. पेन ड्राइव्हची स्मृती चुंबकीय नसते. लोहचुंबक फिरवून ती पुसता येते, हाही एक भ्रमच होय. तिच्यातील प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसता व लिहिता येतो. एकच कप्पा लवकर झिजू नये म्हणून आतील नियंत्रक नवा मजकूर पुष्कळदा दुसऱ्याच कप्प्यात लिहितो आणि जुना तसाच मागे उरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील संशोधकांनी २०११ साली अशा साधनांची तपासणी केली, तेव्हा एकेक फाइल पुसण्याची कोणतीच पद्धत भरवशाची ठरली नाही. संपूर्ण साधनावर दोनदा लिहिणे बहुधा पुरेसे ठरले, पण नेहमीच नव्हे.

तेव्हा एका फाइलीच्या मागे न लागता संपूर्ण पेन ड्राइव्ह पुसावा. आवश्यक अभिलेखाची प्रत शाळेच्या संगणकावर सुरक्षित आहे, याची मुख्याध्यापकांकडून आधी खात्री करून घ्यावी. नंतर विंडोजमध्ये ‘फॉरमॅट’च्या चौकटीतील ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढून फॉरमॅट करावे. विंडोज व्हिस्टापासून पुढील आवृत्त्यांत असे केल्यास सर्व जागेवर शून्ये लिहिली जातात. हे दोनदा करावे. सेकंदाला १० एमबी या वेगाने ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हला प्रत्येक खेपेस सुमारे ५३ मिनिटे लागतात. मधल्या सुटीत उरकण्याचे हे काम नव्हे.

याहून सोपा व भरवशाचा मार्ग म्हणजे मजकूर मुळातच कुलूपबंद ठेवणे. व्हेराक्रिप्ट किंवा सेव्हन-झिप या विनामूल्य साधनांनी फाइल परवलीच्या शब्दाखाली ठेवता येते. मात्र हे काम संगणकावरच करून कुलूपबंद फाइल तेवढी पेन ड्राइव्हवर घ्यावी. उघडी फाइल आधी तेथे ठेवून मागाहून कुलूप लावल्यास उघडी प्रत आत राहण्याचा संभव असतो. परवलीचा शब्द म्हणून शाळेचा यू-डायस क्रमांक योजू नये. तो सर्वांस ठाऊक असतो.

बिघडलेला पेन ड्राइव्ह फॉरमॅट होत नाही, पण त्यातील मजकूर जाणकारास काढता येतो. असा पेन ड्राइव्ह जाळू नये, कारण त्याचा धूर अपायकारक असतो. तो जाड फडक्यात गुंडाळून, डोळ्यांस इजा होणार नाही अशा बेताने, आतील काळी चिप फुटेपर्यंत हातोडीने ठेचावा. केवळ बाहेरचे आवरण मोडणे पुरेसे नाही. तुकडे ई-कचऱ्यात द्यावेत.