थंडीकडे पाठ फिरवून दक्षिणेकडे: नौकेवरचा दोघांचा हिवाळा

दरवर्षी ऑक्टोबर सरत आला, की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉरफोक बंदराच्या परिसरात लहान नौकांची गर्दी होऊ लागते. या नौका मासेमारीच्या नसतात आणि माल वाहणाऱ्याही नसतात. दहा ते पंधरा मीटर लांबीच्या या नौकांपैकी बहुतेकींवर एकच जोडपे असते आणि पुढचे पाच-सहा महिने तेच त्यांचे घर असते. कोणी कॅनडातून आलेले असते, कोणी न्यू इंग्लंडमधून, तर कोणी जवळच्याच चेसापीक उपसागरातून. सर्वांना जायचे असते ते दक्षिणेला, फ्लोरिडाच्या आणि जमल्यास बहामा बेटांच्या उबदार पाण्यात. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवरून अशा प्रवाशांना तेथे 'स्नोबर्ड' म्हणतात.

काठावरून पाहणाऱ्याला ही निवृत्तीनंतरची चैन वाटते, आणि काही अंशी ती आहेही. परंतु या प्रवासात वेग, पैसा किंवा धाडस यांपेक्षा थांबण्याच्या निर्णयाला अधिक मोल आहे. नौकेवरील सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे ठरलेली तारीख, असे तेथील जुने नावाडी सांगतात. मुलीच्या घरी अमुक दिवशी पोहोचायचे आहे, अमुक दिवसाचे विमान पकडायचे आहे, अशा कारणांनी जी नौका प्रतिकूल हवामानात बंदर सोडते तीच बहुधा संकटात सापडते.

आतल्या पाण्याचा मार्ग

हा प्रवास शक्य होतो तो 'इंट्राकोस्टल वॉटरवे' या जलमार्गामुळे. नॉरफोकसमोरील पोर्ट्समथ येथे या मार्गाचा मैल शून्य मानला जातो आणि मायामीपर्यंत तो सुमारे १,०९० मैल, म्हणजे जवळजवळ १,७५० किलोमीटर जातो. तो सलग खोदलेला कालवा नाही. नद्या, खाड्या, किनाऱ्यालगतची विस्तीर्ण उथळ सरोवरे आणि त्यांना जोडणारे खोदीव कालवे यांची ही साखळी आहे. पूर्वेकडे वाळूच्या लांबट बेटांची रांग असल्याने अटलांटिक महासागराच्या लाटा बहुतांश भागात आत येत नाहीत.

या आडोशाचे महत्त्व नकाशा पाहिला की पटते. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील केप हॅटरास या भूशिराबाहेर उष्ण आणि थंड प्रवाह एकमेकांना भिडतात आणि वाळूचे दांडे सतत जागा बदलतात. शेकडो जहाजे तेथे बुडाली असल्याने त्या समुद्राला 'अटलांटिकचे कब्रस्तान' असे नाव पडले आहे. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी याच किनाऱ्यालगत अनेक व्यापारी जहाजे बुडवली, तेव्हा आतल्या मार्गाची गरज अमेरिकेला नव्याने जाणवली. आज आतल्या मार्गाने जाणारे जोडपे हॅटरासला वळसा न घालता दक्षिणेस उतरू शकते.

सुरुवातीलाच दोन वाटा फुटतात. एक १८५९ मध्ये खुल्या झालेल्या आल्बमार्ल आणि चेसापीक कालव्याची, तर दुसरी त्याहून जुन्या 'डिस्मल स्वॅम्प' कालव्याची. दुसरा कालवा १८०५ मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि तो गुलामांच्या हातांनी खोदला गेला. त्याच दलदलीत पळून गेलेले गुलाम वर्षानुवर्षे लपून राहत असत, हे तेथील शांत, चहाच्या रंगाच्या पाण्यावरून जाताना सहज लक्षात येत नाही. झाडांच्या साली-पानांतील टॅनिनमुळे पाण्याला तो रंग येतो. खोली फार नसल्याने मोठ्या नौका या वाटेने जात नाहीत, शिवाय पूर किंवा दुरुस्ती यांमुळे ती अधूनमधून बंद असते. कालव्याच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सांभाळणारी दुहेरी दारे आहेत. नौका दोन दारांच्या मध्ये घ्यायची, मागचे दार बंद करायचे, पाणी भरून तिला वर उचलायचे आणि मग पुढचे दार उघडायचे, अशी ती व्यवस्था आहे. वाटेवर एलिझाबेथ सिटी हे छोटे गाव लागते. तेथे येणाऱ्या नौकांना गुलाबाचे फूल देऊन स्वागत करण्याची प्रथा १९८३ पासूनची आहे.

दोन तारखांमधला प्रवास

निघायचे केव्हा, हे निम्मे निसर्ग ठरवतो आणि निम्मे विमा कंपनी. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. हंगामाचा जोर ओसरेपर्यंत, बहुधा १ नोव्हेंबरपर्यंत, नौका ठराविक अक्षांशाच्या उत्तरेसच राहिली पाहिजे, अशी अट अनेक विमा करारांत असते. फार थांबावे तर उत्तरेत थंडी कडक होते. पहाटे नौकेच्या फळ्यांवर हिमकण साचतात आणि दिवस लहान होत जातो. कोकणातील कोळी बांधवांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला दर्या शांत करूनच होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. दोन्हीकडे समुद्राचे पंचांग माणसाच्या सोयीने चालत नाही.

अशा नौकेचा वेग ताशी पाच ते सहा सागरी मैल, म्हणजे सायकलपेक्षाही कमी असतो. अंधारात या मार्गावर जाणे शहाणपणाचे नसल्याने दिवसाला साधारण ८० किलोमीटर अंतर कापले जाते. गणिताने मायामी बावीस-तेवीस दिवसांत यावी, प्रत्यक्षात मात्र दीड-दोन महिने सहज लागतात. नॉर्थ कॅरोलिनातील आल्बमार्ल साउंड उथळ असल्याने तेथे थोड्या वाऱ्यातही आखूड आणि उभ्या लाटा उठतात, म्हणून अलीकडे नांगर टाकून एखादा दिवस थांबावे लागते. पुढे कॅम्प लेज्यून या लष्करी तळातून जलमार्ग जातो. तेथे तोफांचा सराव सुरू असेल तर वाहतूक रोखली जाते. उघडझाप करणारे पूल तर पावलोपावली आहेत. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात रेडिओच्या १३ क्रमांकाच्या, तर फ्लोरिडात ९ क्रमांकाच्या वाहिनीवर पुलाच्या चालकाला विनंती करावी लागते. वेळ चुकली तर अर्धा किंवा एक तास प्रवाहात नौका जागच्या जागी धरून ठेवण्याची कसरत करावी लागते. न उघडणाऱ्या पुलांची उंची पाण्यापासून साधारण ६५ फूट असते, मात्र मायामीतील ज्युलिया टटल मार्गावरील पूल ५६ फुटांचाच आहे. ज्याची डोलकाठी त्याहून उंच, त्याला तेथे बाहेरच्या समुद्रातूनच जावे लागते.

तळाखालचे पाणी

शासकीय नोंदीनुसार नॉरफोकपासून फोर्ट पियर्सपर्यंत या मार्गाची खोली १२ फूट असावयास हवी. प्रत्यक्षात समुद्राकडे उघडणाऱ्या मुखांजवळ वाळू सतत सरकत असते आणि गाळ काढण्याचे काम निधीवर अवलंबून असते. त्यामुळे काही ठिकाणी ओहोटीला निम्मेच पाणी उरते. मार्गाची देखभाल करणारे लष्कराचे अभियंता दल खोलीची ताजी मोजमापे सर्वांना उपलब्ध करून देते, आणि आजचे प्रवासी ती संगणकावरील नकाशावर उतरवून घेतात. तरीही नौका रुततातच. वार्षिक वर्गणी घेऊन रुतलेली नौका ओढून काढणाऱ्या कंपन्या तेथे चांगल्या चालतात, यावरूनच काय ते कळावे.

जॉर्जिया राज्यात प्रश्न अधिक बिकट होतो. तेथे भरती-ओहोटीतील फरक सात ते नऊ फुटांचा असतो. नांगर टाकताना ओहोटी असेल आणि पाणी तीन मीटर असेल, तर सहा तासांनी ते साडेपाच मीटर होते. नौकेच्या पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंची एक मीटर धरली, तर एकूण उंची साडेसहा मीटर भरते. साखळी या उंचीच्या किमान पाचपट सोडावी असा संकेत आहे, म्हणजे ३२ मीटरहून अधिक. ओहोटीचा हिशेब करून कोणी २० मीटर सोडली, तर मध्यरात्री तेच प्रमाण जेमतेम तिपटीवर येते, साखळीचा ओढ वरच्या दिशेने होतो आणि नांगर सुटू लागतो. निजलेल्या दोघांना ते तेव्हाच कळते, जेव्हा नौका दलदलीच्या गवताला किंवा शेजाऱ्याच्या नौकेला लागते. रुतायचेच असेल तर चढत्या पाण्यात रुतावे, काही वेळाने ते आपोआप उचलते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीत रुतलेल्या नौकेचे मात्र हाल असतात, कारण पुढच्या भरत्या त्याहून कमी उंचीच्या असतात.

दोघांचा संसार, दोघांची जबाबदारी

नौकेवरील घर म्हणजे एका खोलीएवढी जागा. टाकीत तीनशे-चारशे लिटर गोडे पाणी, छतावर सौरपट्टे, एका बाजूला छोटी शेगडी. भांडी समुद्राच्या पाण्याने विसळून शेवटी घोटभर गोड्या पाण्यातून काढायची, हा सर्वसाधारण रिवाज आहे. मैलापाणी टाकीत साठवावे लागते. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत ते प्रक्रिया न करता सोडणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि फ्लोरिडा कीज भागात तर नियम त्याहून कडक आहेत. या तपशिलांची सवय होते. सवय होत नाही ती चोवीस तासांच्या सहवासाची आणि त्या सहवासातील विषम ज्ञानाची.

हा मुद्दा गंभीर आहे. पुष्कळ जोडप्यांत नौका चालवण्याचे ज्ञान एकाकडे, बहुधा पतीकडे, एकवटलेले असते आणि दुसरी व्यक्ती दोर बांधणे, स्वयंपाक, सामानसुमान यांत गुंतलेली असते. सर्व सुरळीत असेपर्यंत ही विभागणी चालते. पण सुकाणू धरणारा पाण्यात पडला किंवा त्याला हृदयविकाराचा झटका आला, तर काय? नौका थांबवणे, वळवणे, पाण्यातील माणूस नजरेआड होऊ न देणे, १६ क्रमांकाच्या वाहिनीवर मदत मागून आपले स्थान सांगणे आणि भिजलेल्या, गारठलेल्या जड देहाला फळीवर ओढून घेणे, हे सर्व त्या एका व्यक्तीला करावे लागते. शेवटचे काम तर धडधाकट माणसालाही कप्पीशिवाय जमत नाही. म्हणूनच अनेक नौकानयन शाळा जोडप्यांसाठी स्वतंत्र वर्ग चालवतात, आणि जाणती जोडपी सुकाणू व नांगर यांची कामे आलटून-पालटून करतात. नांगर टाकताना ताकद पुढे लागते, इंजिनाकडे नव्हे. तरीही सुकाणूवर पुरुष आणि साखळीशी झटणारी स्त्री हेच दृश्य तेथे सर्रास दिसते.

दोघांनीच नौका चालवण्याचा कस किती लागतो, हे भारतीयांनी अलीकडेच पाहिले. नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' नौकेतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २९ मे २०२५ रोजी त्या परतल्या. त्यांचे प्रशिक्षण आणि निवृत्त जोडप्याची हिवाळी सफर यांची तुलना होणार नाही. पण एक जण झोपला असताना संपूर्ण नौका दुसऱ्याच्या हाती असते, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

प्रवाहाच्या पलीकडे

फ्लोरिडात पोहोचल्यावर बहुतेकांची धाव संपते. व्हेरो बीच येथे एकाच तरंगत्या खुंट्याला दोन-तीन नौका शेजारी शेजारी बांधण्याची पद्धत आहे. एकदा आलेली नौका तेथून लवकर हलत नाही, म्हणून गावाला थट्टेने 'व्हेल्क्रो बीच' म्हटले जाते. दक्षिणेला मॅरेथॉन गावातील बूट की बंदरात असे दोनशेहून अधिक खुंटे आहेत. तेथे सकाळी रेडिओवर सर्व नौकांची जणू ग्रामसभा भरते. कोण आले, कोण निघाले, कोणाला पंप हवा आहे आणि कोणाला डॉक्टर, हे सर्व तेथे सांगितले जाते.

ज्यांना बहामाला जायचे आहे त्यांच्यापुढे गल्फ स्ट्रीम हा उत्तरेकडे वाहणारा प्रचंड प्रवाह उभा असतो. पाम बीचजवळील लेक वर्थपासून ग्रँड बहामा बेटाच्या वेस्ट एंडपर्यंतचे अंतर सुमारे ५५ सागरी मैल, म्हणजे दहा-अकरा तासांचे आहे. प्रवाहाचा वेग मध्यभागी ताशी तीन सागरी मैलांच्या आसपास असतो. त्यामुळे नौकेचे तोंड मुक्कामाच्या बरेच दक्षिणेला ठेवावे लागते. खरा धोका मात्र वाऱ्याचा असतो. उत्तरेचा वारा या प्रवाहाच्या विरुद्ध वाहू लागला, की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. हिवाळ्यात दर काही दिवसांनी उत्तरेकडून थंड हवेची लाट येते, आणि ती येण्यापूर्वी वारा दक्षिणेकडे वळतो. तेवढ्या एक-दोन दिवसांच्या फटीतून पलीकडे जायचे असते. कित्येक जोडपी त्यासाठी दोन-तीन आठवडे थांबतात. काही जण तेवढ्यातच बेत रद्द करतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पासष्टी उलटलेल्या अमेरिकनांचा सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, सामान्यतः देशाबाहेर लागू होत नाही, हाही विचार अनेकांना अलीकडेच ठेवतो.

पलीकडे गेलेल्यांपैकी शेकडो नौका फेब्रुवारी-मार्चमध्ये एग्झुमा बेटावरील जॉर्ज टाउनला जमतात. कॅरिबियन समुद्रात आणखी खाली जाण्याच्या निश्चयाने निघालेले अनेक जण समोरचा उघडा समुद्र पाहून येथूनच मागे फिरतात, त्यामुळे या बंदराला 'चिकन हार्बर' असे टोपणनाव आहे. ते घेणारे आणि देणारे दोघेही बहुधा तेथेच नांगर टाकून बसलेले असतात. एप्रिल उजाडला, की साखळ्या पुन्हा वर ओढल्या जातात. १ जूनच्या आत विम्याने ठरवलेल्या रेषेच्या उत्तरेस पोहोचायचे असते, आणि वाटेतील तेच पूल, तेच वाळूचे दांडे आता उलट क्रमाने येतात.